सोडून दिलेली बुरशी

२ सप्टेंबर १९४०, सोमवार. ऑक्सफर्डच्या सर विल्यम डन स्कूल ऑफ पॅथॉलॉजीत एक एकोणसाठ वर्षांचा बुटका, अबोल स्कॉटिश माणूस आला. २४ ऑगस्टच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात त्यानं एक छोटा लेख वाचला होता. जीवघेणा संसर्ग झालेले उंदीर पेनिसिलिननं वाचवल्याचा. लेख वाचून त्यानं विभागप्रमुख हॉवर्ड फ्लोरीला फोन केला, ‘बघायला येतोय’ म्हणून कळवलं आणि आला. कोण येतंय हे ऐकून तिथला जीवरसायनशास्त्रज्ञ अर्न्स्ट चेन थक्क झाला. हा गृहस्थ केव्हाच वारला असणार, अशी त्याची समजूत होती.

पाहुणा होता अलेक्झांडर फ्लेमिंग. पेनिसिलिन हे नाव त्यानंच ठेवलेलं, ११ वर्षांपूर्वी. औषध म्हणून त्याच्या मागं लागणं त्यानं कधीच सोडलं होतं. आता दुसऱ्यांच्या प्रयोगशाळेत, दुसऱ्यांच्या भांड्यांत तीच बुरशी वाढताना तो बघत होता. त्यानं सगळं नीट पाहून घेतलं, फारसं बोलला नाही, थोडा नमुना मागून घेतला आणि लंडनला परतला.

मला या प्रकरणात रस आहे तो त्या एका दिवसामुळे.

त्याला कारण घरचंच आहे. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी मी डिस्टिलरीच्या सांडपाण्याचा काळपट रंग उतरवणारा एक जीवाणू मातीतून वेगळा काढला होता. दोन महिने झकास गेले. मग मे महिन्यातलं भारनियमन, बंद पडणारा इन्क्युबेटर, एकदा आलेला निकाल दुसऱ्यांदा न येणं. विषय बदलला. सहा-सात वर्षांनी एका परिषदेत जवळपास त्याच कामाचं पोस्टर दिसलं, खाली दुसऱ्याचं नाव आणि वर पहिल्या बक्षिसाची फीत. काळजात चर्र झालं. ‘हे तर माझं होतं’ हे पहिलं वाक्य मनात आलं. दुसरं वाक्य यायला फार वर्षं लागली: माझं नेमकं काय होतं? ते शोधताना मी पेनिसिलिनच्या कागदपत्रांपाशी पोचलो. तिथं दिसलं, की या बुरशीला सोडून देणारा फ्लेमिंग एकटा नव्हता. निदान चौघांनी तिला सोडलं, प्रत्येकानं वेगळ्या वळणावर.

लंडनमधली माघार

१९२८च्या सप्टेंबरमधली ती प्लेट शाळेच्या पुस्तकातही असते, म्हणून थोडक्यात सांगतो. पॅडिंग्टनच्या सेंट मेरीज रुग्णालयात सुट्टीवरून परतलेला फ्लेमिंग, टेबलावर साचलेल्या स्टॅफिलोकॉकसच्या प्लेटी, त्यातल्या एकीवर बुरशीचा ठिपका आणि ठिपक्याभोवती विरघळत चाललेल्या जीवाणूंच्या वसाहती. आमच्या भाषेत प्लेट कंटॅमिनेट झाली. अशी प्लेट मी शेकड्यानं टाकली आहे आणि कुणीही टाकतो.

खरी गोष्ट पुढच्या हिवाळ्यातली. फ्रेडरिक रिडली आणि स्टुअर्ट क्रॅडॉक या दोन तरुण सहायकांना फ्लेमिंगनं कामाला लावलं. बुरशीखालचं पिवळसर पाणी गाळायचं, कमी उष्णतेवर निर्वातात आटवायचं आणि त्यातला जीवाणू मारणारा अंश पकडायचा. दोघांपैकी कुणीही मुरलेला रसायनशास्त्रज्ञ नव्हता. तरी बरंच जमलं. पण जे हाती लागे ते काही दिवसांत निकामी होई. क्रॅडॉकनं सशावर प्रयोग केला. पेनिसिलिन शिरेत टोचलं की अर्ध्या तासाच्या आसपास रक्तातून नाहीसं व्हायचं. उलट काचेच्या नळीत जीवाणू मारायला त्याला काही तास लागत. हिशेब सरळ होता. औषध कामाला लागायच्या आतच शरीराबाहेर.

हा हिशेब चुकीचा होता, पण वेडगळ नव्हता. सोडणाऱ्याला आपण मागाहून ‘दृष्टी नव्हती’ म्हणून मोकळे होतो, आणि तेव्हा समोर काय पुरावा होता हे बघत नाही. पहिल्या महायुद्धात बूलोनच्या लष्करी रुग्णालयात फ्लेमिंगनं जंतुनाशकं जखमेत ओतल्यावर जंतूंआधी रुग्णाच्या पांढऱ्या पेशी मरताना पाहिल्या होत्या. त्याचा साहेब अल्मरोथ राइट लसींचा कट्टर पुरस्कर्ता. बाहेरून रसायन टोचून आतला संसर्ग बरा होईल यावर त्याचा विश्वास नव्हता, आणि विभागाचा खर्च लसींच्या विक्रीतून निघत होता. पोटात घेऊन आतले जंतू मारणाऱ्या सल्फा या रासायनिक औषधांनी हे वातावरण बदललं ते १९३५ नंतर.

एक प्रयोग मात्र राहिला, आणि तो डोळ्यांत खुपतो. फ्लेमिंगनं निरोगी सशाला आणि उंदराला पेनिसिलिन टोचून ते विषारी नसल्याचं पाहिलं होतं. आधी संसर्ग दिलेल्या उंदराला टोचून पाहिलं नाही. एका दिवसाचं काम. त्या हिशेबावर त्याचा इतका विश्वास बसला होता की तपासून बघावंसं वाटलं नाही.

१३ फेब्रुवारी १९२९ ला त्यानं मेडिकल रिसर्च क्लबमध्ये हे काम मांडलं. एकही प्रश्न आला नाही. (ज्यांनी आपलं काम मांडल्यावर अशी शांतता ऐकली आहे त्यांना ती संध्याकाळ समजावून सांगायची गरज नाही.) जूनमध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल पॅथॉलॉजी’त लेख आला. त्याच्या शीर्षकातच बुरशीचा उपयोग सांगितला होता, तो म्हणजे इन्फ्लुएन्झाचा समजला जाणारा जीवाणू वेगळा काढणं. पेनिसिलिन बाकीचे जंतू मारतं आणि हा एक राहू देतं. म्हणजे चाळणी. पुढची दहा वर्षं फ्लेमिंगनं ते प्रयोगशाळेतली चाळणी म्हणून वापरलं. औषधाचा विचार मागं पडला, बुरशी मात्र हाताशी राहिली.

आणि त्यानं ती जिवंत ठेवली. दर काही आठवड्यांनी नव्या माध्यमावर, म्हणजे ताज्या खाद्यावर उतरवायची, मागेल त्याला पाठवायची. दिसायला हमालीचं काम. मी माझ्या जीवाणूचे स्लँट, म्हणजे तो जपून ठेवलेल्या नळ्या, विषय बदलल्याच्या आठवड्यातच ऑटोक्लेव्हच्या वाफेत निर्जंतुक करून धुऊन ठेवले होते. नळ्या कमी होत्या, मागची बॅच रांगेत होती. फ्लेमिंगचा आणि माझा फरक बुद्धीचा आहेच, पण आधी तो इथं आहे.

इथरमध्ये उडून गेलेलं

दुसरा सोडणारा हॅरॉल्ड रेस्ट्रिक. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमधला प्राध्यापक, बुरशींच्या रसायनशास्त्रातला पट्टीचा माणूस. क्लटरबक आणि लव्हेल या सहकाऱ्यांबरोबर त्यानं फ्लेमिंगची बुरशी मांसाच्या सुपाऐवजी नेमक्या घटकांच्या कृत्रिम माध्यमावर वाढवली. त्यांना कळलं, की पिवळा रंग म्हणजे पेनिसिलिन नव्हे, तो वेगळाच पदार्थ आहे. हेही कळलं, की द्रव आम्लधर्मी केला तर पेनिसिलिन पाणी सोडून इथर या चटकन उडून जाणाऱ्या द्रवात उतरतं. मग त्यांनी इथर उडवला. भांड्यात काही उरलं नाही.

त्यांनी ते १९३२ मध्ये ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये छापलं आणि पुढच्या कामाला लागले. इतका चंचल पदार्थ शुद्ध करता येणं अवघड आहे, असा समज त्यानंतर पसरला. तज्ज्ञानं हात टेकले की बाकीच्यांना न टेकताच टेकल्यासारखं होतं. पण हे अपयश त्यांनी लपवलं नाही. कुठवर पोचलो आणि कुठं माल हातातून गेला, हे लिहून ठेवलं. पुढं ऑक्सफर्डला उपयोग झाला तो याच नोंदीचा.

शेफील्डचा डॉक्टर

तिसऱ्याचं नाव फार कमी लोकांना माहीत असतं. सेसिल पेन हा सेंट मेरीजचाच विद्यार्थी, फ्लेमिंगची व्याख्यानं ऐकलेला, शेफील्डच्या रॉयल इन्फर्मरीत पॅथॉलॉजिस्ट. पंचविशीतला. त्यानं १९२९ चा लेख वाचला, फ्लेमिंगकडून बुरशी मागवली आणि मोठमोठ्या लोकांनी जे केलं नाही ते सरळ केलं. बुरशीचं गाळलेलं पाणी रुग्णांना लावून पाहिलं.

आधी दाढीच्या केसांच्या मुळाशी होणाऱ्या चिवट पुरळांवर. उपयोग शून्य. मग त्यानं नेत्रविभागातल्या ए. बी. नट या डॉक्टरांशी बोलून डोळ्यांचे संसर्ग घेतले. जन्माच्या वेळी आईकडून गोनोरियाचे जंतू बाळाच्या डोळ्यांत जात. पापण्या सुजून चिकटत, पू वाहत राही आणि पुष्कळ मुलं आंधळी होत. २५ नोव्हेंबर १९३० ला अशा एका बाळाचा संसर्ग पेनिसिलिननं बरा झाला. पेनिसिलिननं रोग बरा केल्याची नोंदलेली ही पहिली घटना. त्याच सुमारास एका कोळसाखाणीतल्या माणसाच्या डोळ्यात दगडाची कपची घुसून न्यूमोकॉकसचा संसर्ग झाला होता. पेननं तो संसर्ग आवरला, म्हणून कपची काढता आली आणि डोळा वाचला.

आणि एवढं होऊन त्यानं सोडून दिलं. बुरशीचा भरवसा नव्हता. एका खेपेला जोरदार पाणी येई, पुढच्या खेपेला नुसतं पिवळं पाणी. त्यात नोकरी बदलली. जेसप रुग्णालयात बाळंतरोगाचं काम आलं, आणि त्या काळी बाळंतरोगानं बायका मरत होत्या. डोळ्यांसमोर एवढं काम असताना लहरी बुरशी कोण सांभाळणार? लेखही लिहिला नाही. चार-पाच रुग्णांवर काय लेख लिहायचा, असं त्याला वाटलं असेल, तर मी ते समजू शकतो. मलाही तेच वाटलं होतं.

१९३२ मध्ये शेफील्डला पॅथॉलॉजीचा नवा प्राध्यापक आला, हॉवर्ड फ्लोरी. पेननं आपले प्रयोग त्याला बोलता बोलता सांगितले. तोच फ्लोरी १९३५ मध्ये ऑक्सफर्डला गेला. त्या बोलण्याचा पुढच्या कामाशी धागा जोडायचा मोह होतो. मी तो जोडत नाही. आपण ऐकलेल्या किती गोष्टी कानामागं पडतात, आणि पडूनही कुठंतरी राहतात, हे कुणाला मोजता आलंय?

चौथा जॉर्ज ड्रायर, ऑक्सफर्डमधला फ्लोरीच्या आधीचा प्रमुख. जीवाणू विरघळतात म्हणजे विषाणूचा, बॅक्टेरियोफेजचा प्रकार असावा, या तर्कानं त्यानं बुरशी मागवली होती. तसं नाही म्हटल्यावर त्याचा रस संपला. मिस कॅम्पबेल-रेन्टन या तिथल्या सहकारी बाईंनी मात्र ती टाकली नाही. १९३८ मध्ये फ्लेमिंगचा जुना लेख हाती लागलेल्या चेननं बुरशीची चौकशी केली, तेव्हा ती त्याच इमारतीत निघाली.

उलटा इथर

फ्लोरी ऑस्ट्रेलियन, चेन हिटलरच्या जर्मनीतून १९३३ मध्ये निसटलेला ज्यू, आणि तिसरा नॉर्मन हीटली, लाजाळू इंग्रज, हातानं वाट्टेल ते बनवणारा. पुस्तकं पहिल्या दोघांवर थांबतात. माझ्या मते या प्रकरणाचा कणा हीटली आहे.

रेस्ट्रिकच्या भांड्यातून पेनिसिलिन उडालं ते इथर उडवताना. हीटलीनं सुचवलं, की इथर उडवूच नका. आम्लधर्मी पाण्यातून पेनिसिलिन इथरमध्ये आलंय ना? मग तो इथर किंचित अल्कधर्मी पाण्याबरोबर घुसळा. ते मुकाट्यानं परत पाण्यात येईल, घाण मागं राहील. सगळं थंड ठेवून, झटपट. कागदावर दोन ओळींची युक्ती. मग बाटल्या, नळ्या, भंगारातलं सामान जोडून त्यानं हे सतत चालवणारं यंत्र उभं केलं. मिळालेलं पाणी गोठवून वाळवलं की तपकिरी भुकटी उरे. आज आपण जाणतो, की त्या सुरुवातीच्या भुकटीत पेनिसिलिन नावापुरतंच होतं, बाकी सगळी भेसळ.

२५ मे १९४० ला, शनिवारी, आठ उंदरांना स्ट्रेप्टोकॉकसचा मारक डोस दिला. चौघांना नंतर पेनिसिलिन. फ्लेमिंगचा राहिलेला प्रयोग तो हाच. हीटली रात्रभर पिंजऱ्यांपाशी बसून वेळा लिहीत होता. पहाटे साडेतीनपर्यंत औषध न मिळालेले चारही उंदीर मेले होते, औषध मिळालेले जिवंत होते. दुसऱ्या दिवशी फ्रान्सच्या किनाऱ्यावर डंकर्कला अडकलेलं ब्रिटिश सैन्य परत आणायला सुरुवात झाली. जर्मन इंग्लंडमध्ये उतरलेच तर बुरशी वाचावी, म्हणून या मंडळींनी तिचे बीजाणू कोटाच्या अस्तराला चोळून ठेवले.

माणसाला उंदराच्या हजारो पट औषध लागणार. बुरशी पृष्ठभागावर वाढते, म्हणून उथळ आणि पसरट भांडी हवीत. युद्धात भांडी मिळेनात. बिस्किटांचे डबे झाले, दुधाच्या बरण्या झाल्या, आणि सगळ्यांत सोयीची निघाली ती रुग्णालयातली बेडपॅन. पुढं हीटलीनं बेडपॅनच्याच घडणीवरून चिनीमातीची भांडी करवून घेतली आणि डिसेंबरमध्ये स्वतः व्हॅन घेऊन जाऊन आणली. सहा मुली रोज त्यांत बुरशी पेरत आणि पाणी काढत. १२ फेब्रुवारी १९४१ ला अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पहिलं इंजेक्शन दिलं. चेहरा सडत चाललेला माणूस चार दिवसांत उठून बसला. मग साठा संपला. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून त्यालाच टोचत राहिले. तेही पुरेना. १५ मार्चला तो गेला.

हे सगळं वाचल्यावर ‘हे तर माझं होतं’ या वाक्याचं काय करायचं? फ्लेमिंगचं होतं ते निरीक्षण, नाव आणि जिवंत बुरशी. रेस्ट्रिकचं होतं ते कृत्रिम माध्यम आणि इथरची अर्धी वाट. पेनच्या नावावर बरी झालेली एक-दोन माणसं. उलटा इथर, बेडपॅन आणि पहाटेचे साडेतीन यांच्यापैकी कुणाचेच नव्हते. माझ्या जीवाणूच्या बाबतीत मी पोस्टर नीट वाचलं असतं तर दिसलं असतं, की माझ्याशी सारखा होता तो मातीचा नमुना आणि पहिला परिच्छेद. बाकी चार वर्षांचं काम होतं.

मागाहूनचं वळण

इथपर्यंत हे प्रकरण सरळ वाटतं: एकानं सोडलं, दुसऱ्यानं केलं. १९४२ मध्ये ते उलटलं. ऑगस्टमध्ये फ्लेमिंगच्या एका परिचिताला मेंदूच्या आवरणांचा संसर्ग झाला, मरणपंथाला लागला. फ्लेमिंगनं फ्लोरीकडं पेनिसिलिन मागितलं. फ्लोरीनं जवळ होतं ते दिलं, वर कसं द्यायचं तेही समजावलं. फ्लेमिंगनं ते पाठीच्या कण्यातून टोचून पाहिलं आणि माणूस वाचला. सोडून देणारा करणाऱ्याच्या दारात उसनं मागायला गेला आणि करणाऱ्यानं हात आखडता घेतला नाही, एवढंच मला त्यातलं आवडतं.

‘टाइम्स’नं पेनिसिलिनवर अग्रलेख लिहिला, त्यात कुणाचंच नाव नव्हतं. अल्मरोथ राइटनं लगेच पत्र लिहून श्रेय फ्लेमिंगचं असल्याचं ठणकावलं. ऑक्सफर्डहून रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट रॉबिन्सन यांनी फ्लोरीच्या बाजूनं पत्र लिहिलं, पण बातमी तोवर सुटली होती. फ्लेमिंग पत्रकारांना भेटत होता, फ्लोरी त्यांना दारातून परत पाठवत होता. पुढच्या काही वर्षांत जगाच्या डोक्यात पेनिसिलिन म्हणजे फ्लेमिंग एवढंच उरलं. ते अतिरंजित आहे हे त्याला कळत होतं. वर्तमानपत्रांतल्या अशा भाकडकथांची कात्रणं तो ‘फ्लेमिंग मिथ’ या नावानं गोळा करत असे. मिश्कील होता. पण त्या कथा थांबवायची घाई त्यानं केली नाही, हेही खरं.

१९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना मिळालं. हीटलीला नाही. त्याला १९९० मध्ये ऑक्सफर्डनं वैद्यकशास्त्राची मानद डॉक्टरेट दिली, तेव्हा तो ऐंशीच्या घरात होता. पेटंट घ्यावं म्हणून चेन भांडला होता, पण औषधावर पेटंट घेणं शोभत नाही म्हणून त्याला गप्प बसवलं गेलं. मोठ्या टाक्यांत उत्पादन करायची तंत्रं अमेरिकेत उभी राहिली आणि त्यांची पेटंटं तिथं निघाली. म्हणजे यश बघत बसण्याची पाळी ऑक्सफर्डवरही आली.

टाक्यांची तीच पद्धत आपल्याकडं पिंपरीत पोचली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, सरकारी क्षेत्रातला देशातला पहिला औषध कारखाना. पिंपरीत तिला कुणी पूर्ण नावानं ओळखत नाही, सगळ्यांच्या तोंडी एचए. एचएच्या मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना बेडपॅनची गोष्ट सांगितली तर ती हसतात, आणि ते बरोबरच आहे.

राहिला पेन. तो शेफील्डमध्येच राहिला, बाळंतरोगाचं काम करत. म्हातारपणी कुणी विचारलं, तर समोर असलेलं दिसलं नाही असा मूर्ख, अशा अर्थाचं तो स्वतःबद्दल बोलायचा. मला हे पटत नाही, पण त्याच्या जागी मी नव्हतो. त्याच्या उपचारांच्या नोंदी तो विसरला असता तरी रुग्णालय विसरलं नव्हतं. १९८० च्या दशकात मिल्टन वेनराइट आणि हॅरॉल्ड स्वान यांनी शेफील्डमधले जुने केसपेपर शोधून काढले आणि १९८६ मध्ये ते छापले. डोळ्यांच्या विभागातले, रोजच्या कामातले कागद. आलेलं बाळ, दिवसागणिक पुवाची स्थिती, काय लावलं, कधी घरी सोडलं. अर्धशतकभर कुणी न उघडलेली, पेनिसिलिननं रुग्ण बरा केल्याची जगातली सर्वांत जुनी उरलेली नोंद.